गायरानावरचं सौर, चंद्रपूरची राख, कोयनेचं पाणी: विजेची किंमत कोण भरतं?

प्रश्न असा आहे: "आमच्या गावच्या गायरानावर ५ मेगावॅटचा सौर प्रकल्प येतोय. ग्रामसभेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सौर स्वच्छ आहे, कोळशापेक्षा कितीतरी बरं. दुसरा म्हणतो, स्वच्छ असेल शहरवाल्यांसाठी, जमीन तर आमची जाते. कोळसा, पाणी, अणू, वारा, सूर्य यांच्या पर्यावरणीय आणि सामाजिक किमतीची तुलना नेमकी कशी करायची?"

दोन्ही तट खरं बोलताहेत. एका युनिटमागे हानी किती, हे पहिला सांगतोय. ती हानी कुणाच्या दारात येते, हे दुसरा सांगतोय. मी बरीच वर्षं वीज प्रकल्पांच्या पर्यावरण आघात अहवालांवर काम केलंय. जनसुनावणीत मंचावरही बसलोय आणि मांडवात गावकऱ्यांबरोबरही. बहुतेक भांडणं हे दोन हिशेब एकमेकांत कालवल्यामुळे होतात. आधी युनिटचा हिशेब करू, तो सोपा आहे.

महिन्याला २०० युनिट वापरणारं घर घ्या आणि ही सगळी वीज कोळशाची आहे असं धरा. आपल्याकडच्या केंद्रांत युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे त्या घरापायी महिन्याला १२० ते १४० किलो कोळसा. देशी कोळशात राख ३० ते ४५ टक्के, म्हणजे चाळीस-पन्नास किलो राख दर महिन्याला कुठेतरी साठते. पाणी युनिटमागे तीन लिटर धरलं तर सहाशे लिटर. २०१५ च्या नियमांनी जुन्या केंद्रांना साडेतीन लिटरची मर्यादा घातली आहे, त्यामुळे हा आकडा फुगवलेला नाही. आणि कार्बन डायऑक्साइड दोनशे किलोच्या आसपास.

खाणीपासून भंगारापर्यंतचं सगळं आयुष्य धरून काढलेले कार्बनचे आकडेही आहेत. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१४ साली दिलेले जगभरचे मध्यम आकडे असे, एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड: कोळसा ८२०, नैसर्गिक वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणू १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११. सौरच्या आकड्यात पॅनेल बनवताना जळालेला कोळसाही आला. म्हणून "पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीही ते परत देत नाही" हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा सोडून द्या.

माणसांच्या जिवाचा हिशेबही असाच एका बाजूला झुकतो. हवेचं प्रदूषण आणि अपघात मिळून दर १०० कोटी युनिटमागे कोळशाने सुमारे २५ मृत्यू होतात, वायूने जवळपास तीन, जलविद्युतने एकाच्या वर, आणि वारा, अणू, सूर्य हे तिन्ही एकाच्या दहाव्या भागाच्याही खाली. जलविद्युतच्या आकड्यात मोठा वाटा १९७५ साली चीनमध्ये फुटलेल्या बानच्याओ धरणाचा आहे. अणूच्या आकड्यात चेर्नोबिल आणि फुकुशिमा दोन्ही धरलेत. कोळशाचा आकडा मात्र युरोपातल्या अभ्यासांवर बेतलेला आहे. आपल्याकडे केंद्रांभोवतीची वस्ती दाट आणि धुराड्यांवरची यंत्रणा अपुरी, त्यामुळे इथे तो कमी असण्याचं कारण मला दिसत नाही.

तेव्हा पहिल्या तटाचा मुद्दा मान्य करूनच पुढे जायला हवं. कोळसा सगळ्यात महाग आहे, आणि थोडाथोडका नाही.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो ते चंद्रपुरात कळतं. तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला पन्नास हजार टनांच्या घरात कोळसा आणि पंधरा हजार टनांच्या वर राख. पाणी इरई धरणाचं. भोवती खाणी, खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर, त्यांवर माजलेली झुडपं, आणि ताडोबा इतकं जवळ की दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्याच्या भीतीने लोक अंधार पडायच्या आत घरी परततात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होतं. वीज जाते मुंबई-पुण्याकडे, आणि विजेच्या बिलात या कशाचीच ओळ नसते.

राखेचं वेगळं सांगायला हवं, कारण प्रकल्प अहवालात ती "सिमेंट व विटांसाठी वापर" या एका वाक्यात आटोपते. कागदावर १०० टक्के वापराचा नियम आहे, डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तो पुन्हा कडक केला. पण राखेचे तलाव दशकानुदशकं भरत आलेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा पावसात फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत, नदीत गेलं. परळीकडे उन्हाळ्यात राखेची उघडी वाहतूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काही नवं सांगत नाही. त्याच परळीचं केंद्र पाण्याअभावी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. दुष्काळी मुलखात पाण्यावर चालणारं केंद्र उभं करायचं आणि दुष्काळ पडला की ते बंद करायचं, ही किंमतही कुणीतरी मोजतंच.

कोळशाची हानी कमी करता येते का? येते, आणि उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र चिकूच्या बागांच्या पट्ट्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्या प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही. धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा तिथे २००७ पासून चालू आहे. देशभरच्या केंद्रांना गंधकाची मर्यादा लागू झाली डिसेंबर २०१५ मध्ये, मुदत होती दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद असा की आपल्या कोळशात गंधक कमी आहे. ते खरं आहे, पण धुराड्यातून निघालेला वायू हवेत सूक्ष्म कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर जातो, हेही तितकंच खरं. यंत्रणा बसवली असती तर युनिटमागे काही पैसे वाढले असते, ते बिलात दिसले असते. आता तेच पैसे दवाखान्यात भरले जातील, आणि भरणारे लोक वेगळे असतील.

जलविद्युतकडे येऊ. इथे युनिटचा हिशेब भलताच गोड दिसतो आणि माणसांचा हिशेब भलताच कडू. १९२१ मध्ये मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालं. त्याचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिकेतून समुद्राला मिळतं.

कोयना त्याहून मोठी. १,९६० मेगावॅट, राज्याच्या संध्याकाळच्या मागणीचा खरा आधार. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ अब्ज घनफूट पाणी दिलंय. मी एकदा कागदावर गणित मांडलं: उंची आणि यंत्रांची कार्यक्षमता धरली तर एका युनिटमागे सातशे लिटरच्या आसपास पाणी सह्याद्री ओलांडून वाशिष्ठीत उतरतं. कोळशाच्या तीन लिटरशेजारी हा आकडा ठेवून पाहा. हे पाणी जळून जात नाही हे खरं, पण कृष्णेच्या खोऱ्यातून ते कायमचं जातं, आणि त्याच खोऱ्याच्या पूर्वेला माण, खटाव, जत, सांगोला हे दुष्काळी तालुके आहेत. जलविद्युतला "पाणी न खाणारी वीज" म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, सुमारे १८० मृत्यू. जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांचं ते जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. आणि धरणग्रस्त? त्यांना घाटाखाली, माणदेशाकडे, कुठे कुठे जमिनी दाखवल्या गेल्या. काहींना मिळाल्या, काहींना फक्त दाखवल्या गेल्या. जे जलाशयाच्या वरच्या अंगाला सरकून राहिले त्यांच्यावर १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. २०१८ मध्येही कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले होते, म्हणजे धरण पुरं होऊन अर्धशतक उलटल्यावर. आता घाटात उदंचन प्रकल्पांची रांग लागली आहे. वर एक तळं, खाली एक तळं, दिवसा सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. कल्पना चांगली आहे, घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालतोही. पण जागा सह्याद्रीच्या माथ्यावरचीच लागते, आणि तिथे एकतर जंगल असतं नाहीतर कातकरी-ठाकर-धनगरांचे पाडे.

अणुऊर्जेबद्दल माझं मत बहुतेकांना आवडत नाही. पर्यावरणाच्या बाजूने तिचे आकडे उत्तम आहेत आणि मी ते लपवत नाही. जमीन कमी, कार्बन कमी, कचऱ्याचं आकारमान इतर कशाहीपेक्षा कमी. तारापूरला १९६९ पासून अणुवीज होते. अडचण विश्वासाची आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी जैतापूरच्या लोकांनी ऐकलेल्या होत्या. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा, जगातला सगळ्यात मोठा म्हणावा असा प्रकल्प माडबन-मिठगवाण्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आणायचं ठरलं. सड्याची नोंद सरकारी कागदात "पडीक" अशी झाली, जिथे लोक गुरं चारत होते, आंब्याची कलमं होती. शेजारच्या साखरी नाटे गावच्या मच्छीमारांना विस्थापित म्हणून मोजलंच नाही, कारण त्यांची जमीन जात नव्हती, फक्त समुद्र गरम होणार होता. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाला महिना होतो न होतो तोच, तिथे गोळीबार झाला आणि एक जण मेला. प्रकल्प आजतागायत उभा नाही. तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित असलेली गोष्ट सामाजिकदृष्ट्या इतकी महाग कशी होते, याचं दुसरं इतकं स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

वायूचं थोडक्यात. हवेला बरा, पण अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा दाभोळ प्रकल्प आठवा. १९९३ चा करार, मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोरीत. पुढे प्रकल्प सरकारी कंपन्यांच्या हाती आला आणि २०१३ च्या सुमारास वायूच मिळेनासा झाला. फसलेल्या कराराचं ओझं अखेर ग्राहकावर आणि तिजोरीवर येतं, म्हणजे हीसुद्धा सामाजिक किंमतच, जरी ती आघात अहवालाच्या कुठल्याच प्रकरणात बसत नसली.

उसाच्या चिपाडावरची साखर कारखान्यांची वीजही "हरित" गणली जाते. चिपाड फुकट आहे असं धरलं तर हरितच. ऊस फुकट पाण्यावर वाढत नाही, एवढंच म्हणतो आणि तो वाद इथे उकरत नाही.

पवनऊर्जेचं आकड्यांत सगळं चांगलं. पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. पक्षी कमी, म्हणून पठारावरचे सरडे वाढले. वाढले म्हणून खाणं कमी पडलं आणि ते बारीक झाले, आणि शत्रू नाही म्हणून माणूस जवळ आला तरी पूर्वीसारखे पळेनात. पवनचक्कीने पक्षी मरतात एवढंच आपण ऐकलेलं असतं. इथे एका माथ्यावरची सगळी उतरंडच हलली होती. गवताळ पठार म्हणजे रिकामी जागा, ही महसूल खात्याची जुनी समजूत यामागे आहे. माळढोक पक्ष्याच्या बाबतीतही तेच झालं. राजस्थान-गुजरातमधल्या माळरानांवरून जाणाऱ्या वीजवाहिन्यांबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तोवर आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं दुर्मीळ झालं होतं.

आता सौर, म्हणजे तुमचं गायरान.

५ मेगावॅटला वीस ते पंचवीस एकर जमीन लागते. वर्षाला ७५ ते ८० लाख युनिट वीज होईल. तेवढी वीज कोळशाने करायची तर साधारण पाच हजार टन कोळसा आणि पावणेदोन हजार टन राख. हा फायदा खरा आहे, फक्त तो तुमच्या गावात न होता चंद्रपूर-परळीत होतो. तुमच्या गावाला मिळणारा फायदा दुसरा आहे: कृषी वाहिनीला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनला, दिवसा वीज. रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात जाणं, साप, बिबट्या, ओल्या पॅनेलबोर्डचा शॉक, ही विजेची सामाजिक किंमत आपण इतकी वर्षं मोजलीच नाही, आणि ती शेतकऱ्याच्या बायको-पोरांनीही भरली आहे. असे प्रकल्प ज्या योजनेतून येतात त्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं मला पटणारं कारण हे आहे.

खर्चाची बाजू अशी. सौर आणि जमिनीवरच्या पवन प्रकल्पांना पर्यावरण परवानगीतून सूट आहे. म्हणून आघात अहवाल नाही, जनसुनावणी नाही. कोळशाच्या केंद्राला विरोध करायला निदान एक मांडव मिळायचा, सौरला तोही नाही. धुळे जिल्ह्यात विखरणच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास, शेजारच्याला कितीतरी जास्त. दाद मागून थकल्यावर त्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. त्या जमिनीवर सौर प्रकल्प होणार होता. सूर्य स्वच्छ आहे, भूसंपादन स्वच्छ असतंच असं नाही.

योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. सातबारा स्वतःचा आहे त्याला कोरडवाहू जमिनीवर एवढं कोणतंच पीक खात्रीने देत नाही, म्हणून तो खूश असतो. सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने जाते. ग्रामपंचायतीला काही वर्षं विकास अनुदानाची तरतूद आहे, पण ते रस्त्यात-गटारात जाईल, शेळीवाल्याकडे नाही. गायरानावर कोण असतं? शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी भूमिहीन घरं. आणि मराठवाड्यात तर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासून गायरान कसत आलेली दलित आणि भटकी कुटुंबं, ज्यांची नोंद अजून "अतिक्रमणधारक" अशीच आहे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ती नुकसानीच्या यादीतही नाहीत. मुळशीला कुळांचं हेच झालं होतं, साखरी नाट्याला मच्छीमारांचं हेच झालं.

तरीही तुम्ही माझा कल विचाराल तर मी सौरच्या बाजूला आहे. कारण इथलं नुकसान जागा बदलून, भाडेपट्टा बदलून, यादी बदलून बरंचसं टाळता येतं. बुडालेलं गाव वर काढता येत नाही, आणि फुप्फुसात गेलेली राखही. पण टाळता येतं याचा अर्थ आपोआप टळेल असा नाही, म्हणून ग्रामसभेत हे धरून बसा.

पहिलं, पर्यायी जागा. योजनेला उपकेंद्राजवळ जमीन लागते. त्या टप्प्यात कुणी खासगी पडीक जमीन भाड्याने द्यायला तयार असेल तर गायरान कशाला? बंद पडलेल्या खाणी आणि भरलेल्या राख तलावांच्या जागाही सौरसाठी वापरता येतात, परळी-चंद्रपूरकडच्या गावांनी हा आग्रह धरावा. दुसरं, गायरान द्यायचंच असेल तर आधी गावानेच वापराची यादी करायची: कोण चारतं, किती जनावरं, कोण कसतं, कधीपासून, पाणवठ्याची वाट कुठून जाते. पंचनामा करून, सह्या-अंगठे घेऊन. ही यादी ठरावाला जोडा, नुसता "ना हरकत" ठराव देऊ नका. तिसरं, पॅनेलच्या खाली गवत वाढतंच आणि कंपनी ते माणसं लावून कापते. गवत कापून नेण्याचा किंवा मेंढ्या चारण्याचा हक्क त्या यादीतल्या घरांना लेखी मिळू शकतो, त्यासाठी खांब थोडे उंच घ्यावे लागतात. हे आधी सांगितलं तर होतं, पाया भरल्यावर होत नाही. चौथं, पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार ते लिहून घ्या. बोअर मारणार असतील तर मार्च ते जून त्यातून उपसा नाही, अशी अट घाला.

आणि पंचवीस वर्षांनंतरचं. जुनी पॅनेल २०२२ च्या ई-कचरा नियमांत आली आहेत, त्यामुळे ती उचलण्याची जबाबदारी कायद्याने गावाची नाही. पण तोवर कंपनी तीनदा विकली गेलेली असेल. जमीन मोकळी करून देण्याची अनामत रक्कम करारातच बाजूला काढून ठेवायला सांगा, आणि भाडेपट्ट्याचा मसुदा सही होण्याआधी मराठीत मागून ग्रामसभेत वाचून घ्या.